सोळा गेले, सोळा आले

२००३ सालच्या फेब्रुवारीत आमची तुकडी वारंगा फाट्यावर उतरली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. दोन थ्री-टनर ट्रक, एक जिप्सी, एक असॉल्ट बोट, दोन आउटबोर्ड मोटारी आणि चोवीस माणसं. मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार होतो. पूल बांधणं, सुरुंग काढणं, पलटणीला नदीपार नेणं हे आमचं काम. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येकाला पाण्याची सवय करावीच लागते. त्या वर्षी जलक्रीडा स्पर्धेसाठी उघड्या पाण्यात लांब पोहणाऱ्यांची टीम निवडायची होती. त्यासाठी पंधरा दिवसांचा कॅम्प मंजूर झाला होता.

तलाव मीच सुचवला होता. युनिट नुकतंच सरहद्दीवरून परत आलं होतं आणि कॅप्टन साहेबांना गर्दी नको होती. ते केरळचे. त्यांनी विचारलं, "मस्के, कोई शांत पानी बताओ." मी कळमनुरी तालुक्यातल्या पाटबंधाऱ्याच्या तलावाचं नाव सांगितलं. माझ्या गावापासून तो बारा किलोमीटरवर आहे. एका बाजूला मातीची भिंत, बाकी तिन्ही बाजूंना माळ. भिंतीपासून समोरच्या काठापर्यंत दीड किलोमीटर. जाऊन येऊन बरोबर तीन.

"पानी पहचान का है?"

"बचपन से, साब."

हे अर्धंच खरं होतं. लहानपणी मी तिथं म्हशी डुंबवल्या होत्या, पण उन्हाळ्यात, तलाव निम्मा आटल्यावर. फेब्रुवारीतला भरलेला तलाव मी कधी पोहून पाहिला नव्हता. पहिल्या दोन दिवसांत मी बोटीतून सगळा तलाव फिरलो आणि नकाशा काढला. उथळ जागा, गाळाच्या जागा, आणि पलीकडच्या काठाजवळ पाण्यात उभ्या असलेल्या वाळलेल्या बाभळींची रांग. बाभळींच्या आत जायचं नाही, असा नियम केला.

नियम करणं, याद्या करणं हे माझं नेहमीचं. त्या कॅम्पच्या माझ्याकडे सात याद्या होत्या. पोहणाऱ्यांची, जोड्यांची, बोटीच्या सामानाची, औषधांची, रेशनची, वेळापत्रकाची, आणि सातवी या सहा याद्या कोणी कधी तपासल्या त्याची. पोरं हसायची. नाईक आनंदा माने म्हणायचा, "उस्ताद, आठवी यादी माझी करा. मी दिवसात किती वेळा हसतो त्याची."

माने सांगलीकडचा, कृष्णाकाठचा. वय एकोणतीस. रेजिमेंटमध्ये त्याच्याएवढा सहज पोहणारा दुसरा नव्हता. पाण्यात शिरला की आवाज व्हायचा नाही. त्याला पोहायला त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं. गावात त्यांना सगळे तात्या म्हणत, आणि घाटावर दर उन्हाळ्यात तेच पोरांना शिकवत. माने प्रत्येक गोष्टीवर तात्यांचा दाखला द्यायचा. थंडी वाजली तर तात्या काय म्हणतात, नाकात पाणी गेलं तर तात्या काय म्हणतात. त्यातलं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. पेटक्यानं माणूस बुडत नाही, घाबरल्यानं बुडतं.

मानेचा जोडीदार लोखंडे, सॅपर, म्हणजे आमच्याकडचा साधा जवान. बावीस वर्षांचा, माण तालुक्यातला. फौजेत येईपर्यंत त्यानं विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. तीन किलोमीटर एक तास वीस मिनिटांत पोहला तर तो टीममध्ये येणार होता. माने त्याच्या मागं लागला होता. रोज त्याच्या बरोबरीनं पोहायचा, आणि शेवटच्या शंभर मीटरला त्याला पुढं सोडायचा.

मोजणीची पद्धत अशी होती. भिंतीच्या वर मी एक लाकडी फळा उभा केला होता. त्यावर सोळा खिळे आणि पत्र्याचे सोळा बिल्ले, नंबर घातलेले. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकानं आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा. बाहेर आला की स्वतः येऊन काढायचा. फळा रिकामा म्हणजे पाणी रिकामं. पद्धत माझीच, आणि चांगली होती.

पण उतरायची जागा खाली होती आणि फळा तीस पावलं वर. मधे दगडांची पिचिंग, म्हणजे भिंतीच्या उतारावर बसवलेले ओबडधोबड दगड. अनवाणी, भिजलेल्या पायांनी, थंडीत कुडकुडत त्या दगडांवरून चढणं कुणालाच नको वाटायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जोडीतला जो आधी वर येई तो दोघांचे बिल्ले काढून आणू लागला. मागचा चार हात मागंच असायचा. मी पाहिलं. वेळ वाचतो म्हणून काही बोललो नाही. ही गोष्ट माझ्या कुठल्याच यादीत नव्हती.

संध्याकाळी पाच वाजता मदतीची ड्रिल व्हायची. अडचण आली तर ओरडायचं नाही, ओरडण्यात दम जातो. उताणं व्हायचं, एक हात सरळ वर करायचा, आणि बोट येईपर्यंत तसंच राहायचं. प्रत्येकानं दहा मिनिटं. बोट मुद्दाम उशिरा पाठवायची. पंधरा-सोळा माणसं पाण्यावर आडवी आणि त्यांचे हात वर, असं ते दृश्य असायचं.

पलीकडच्या काठावर एका मेंढपाळाचं बिऱ्हाड उतरलं होतं. म्हातारा, त्याची बायको, दोन सुना. कातरणीआधी मेंढ्या धुवायला ते दर वर्षी त्या तलावावर यायचे. म्हाताऱ्याचं नाव गंगाराम. मी त्यांना मामा म्हणायचो. बोट घेऊन तिकडं गेलो की ते विचारायचे.

"हवालदार, एक सांग. पाण्यात पवलं की पगार भेटते व्हय तुमाले?"

"भेटते मामा."

"आन् आमच्या म्हशी जिंदगीभर फुकटात पवल्या!"

त्यांची बायको मागून म्हणाली, "म्हशीचं नाव लावा की फौजेत. तुमाले घेत न्हाईत, तिले घेतीन."

संध्याकाळची ड्रिल ते काठावर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "काहून असे हात वर करून पडता रे? देवाले सलाम करून राहिले का?" मी हसलो. समजावून सांगायला हवं होतं. बोट परत न्यायची होती, पाच वाजत आले होते. सांगितलं नाही.

आठवड्याभरात मला एक गोष्ट जाणवायला लागली. पोरं मला गाववाला समजत होती. तलावाची चौकशी, दुधाची चौकशी, कळमनुरीच्या बाजारात काय भावानं काय मिळतं त्याची चौकशी माझ्याकडे. आणि गावची माणसं मला साहेब समजत होती. आजूबाजूच्या गावांतून कुणी ओळखीचं आलं तर लांब उभं राहून बोलायचं. बारा किलोमीटरवर माझं घर होतं. पंधरा दिवसांत एकदाही गेलो नाही. कॅम्प सोडून जाणं वेळापत्रकात बसत नव्हतं.

टेस्टचा दिवस नववा. सकाळी सातला सोळा माणसं भिंतीखाली उभी. हवा थंड, वारा नाही. सोळा बिल्ले खिळ्यांना. मी फळ्याजवळ, हातात वॉकी-टॉकी. खाली उतरण्याच्या जागी कॅप्टन साहेब आणि क्लार्क, स्टॉपवॉच घेऊन. क्लार्क प्रत्येकाची वेळ लिहिणार, मी बिल्ले बघणार. त्याची यादी वेगळी, माझा फळा वेगळा. दोन्हींचा मेळ चहा-नाश्त्यानंतर घालायचा, रोजच्यासारखा.

एरवी जोडीदाराला सोडायचं नाही असा हुकूम होता. त्या दिवशी प्रत्येकाची वेळ वेगळी घ्यायची होती म्हणून कॅप्टन साहेबांनी तो हुकूम ढिला केला. "टुडे एव्हरी मॅन फॉर हिज टाइम," असं म्हणाले. मी हो म्हणालो.

सात वाजता शिट्टी झाली.

पहिला माणूस एक तास चार मिनिटांत परत आला. मग एकेक येत गेले. बोट सगळ्यात मागच्या दोघांबरोबर होती, त्यांचा दम गेला होता आणि बोटीवरच्यांचं सगळं लक्ष त्यांच्यावर होतं. आठ सतराला लोखंडे आला. एक तास सतरा मिनिटं. तो दगडांवरून धावत वर आला, पायाला लागलं त्याचं त्याला भान नव्हतं. रडत होता आणि हसत होता. फळ्यावरचे दोन बिल्ले काढले, एक स्वतःचा, एक मानेचा, आणि खाली पळाला. बाकीच्यांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं. मी पाहत होतो. मलाही बरं वाटलं.

आठ चोवीसला बोटीबरोबरचे ते दोघे बाहेर आले. शेवटचे दोन बिल्ले निघाले. फळा रिकामा झाला.

वॉकी-टॉकी वाजला. बोटीवर नायब सुभेदार साहेब होते.

"ब्राव्हो टू अल्फा. पाणी रिकामं दिसतंय. तुमचा काउंट? ओव्हर."

मी फळ्याकडे बघितलं. पाण्याकडे बघितलं नाही. सूर्य समोर होता, पाण्यावर नुसती चमक होती.

"अल्फा टू ब्राव्हो. सोळा गेले, सोळा आले. ऑल करेक्ट. बोट आत घ्या. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

आठ सव्वीसला बोट काठाला लागली. मोटार बंद झाली. नाश्त्याला पुरी-भाजी होती. लोखंडेभोवती गर्दी होती. कुणीतरी विचारलं, माने कुठंय? कुणीतरी म्हणालं, तंबूत असेल, कपडे बदलत असेल. मी दोन ग्लास चहा घेतला.

नऊ वाजून पाच मिनिटांनी मी टेबलावर बसलो आणि क्लार्कची यादी मागवली. वेळा मोजल्या. पंधरा होत्या. पुन्हा मोजल्या. पंधरा.

"लोखंडे!" मी हाक मारली. "माने कुठाय?"

लोखंडेच्या हातात पुरी होती. "उस्ताद, मागंच होते की. पलीकडं वळताना म्हणाले, पोटरी धरलीया जरा, तू हो पुढं, तुझी वेळ जाईल."

"बाहेर आलेला पाहिलास?"

तो वळून पाण्याकडे बघू लागला. पुरी त्याच्या हातातच राहिली.

नऊ नऊला बोट सुटली. बोटीत मी, कॅप्टन साहेब, मोटार चालवणारा आणि दोन पोहणारे. सरळ पलीकडे. पाणी स्वच्छ आणि रिकामं. आम्ही हाका मारल्या. दोघं पाण्यात उतरले. मला कॅप्टन साहेबांनी काठावर सोडलं. "लोगों से पूछो."

काठावर गंगाराम मामा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मेंढी धूत होते. दोन सुना धुतलेल्या मेंढ्या माळावर हाकत होत्या. मी विचारलं.

"मामा, आमचा एक माणूस दिसला का?"

"व्हता की. तिकडं, त्या बाभळीपाशी." त्यांनी हात केला. "उताना पडून व्हता, हात वर करून. तुमी रोजच करता तसा."

"किती वेळ?"

"लय वेळ. आंधी नुसता पाय चोळत व्हता. तुमची ती नाव भिताडाले लागली ना, तवापासून हात वर. मी मनलं, आज सकाळीच करून राहिले हे लोकं." मामांनी हातातली मेंढी सोडली. "दीड कोडी मेंढ्या धुतल्या म्या तेवढ्या वेळात. हात जरा बी हालला न्हाई. सरळ. आन् आत्ता तुमची नाव फटफट करून निघाली त्याच्या जरासा आंधी पाह्यलं तं हात न्हाई. मनलं गेला आसंल जेवाले."

दीड कोडी म्हणजे तीस. एका मेंढीला मिनिटाच्या वर लागतं. मी तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. साधारण चाळीस मिनिटं. म्हणजे मी टेबलावर बसून यादी मागवली तेव्हा त्याचा हात पाण्याच्या वर होता, किंवा नुकताच गेला होता.

मामा माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. "काहो," ते हळूच म्हणाले, "खेळ नव्हता का तो?"

"नव्हता, मामा," मी म्हणालो.

ते पाण्यातच खाली बसले.

बोटीतून कॅप्टन साहेब ओरडले, "क्या बोला?"

"बबूल के पास देखा था, साब. उधर ढूँढिए."

एवढंच सांगितलं.

माने अकरा चाळीसला सापडला. बाभळींच्या रांगेच्या बाहेरच्या बाजूला, दोन पुरुष खोल पाण्यात. नियम त्यानं मोडला नव्हता. हवालदार म्हणून मी त्याला बोटीत घेतलं, त्याच्यावर ब्लँकेट घातलं, वेळ लिहिली. भिंतीवर सगळे रांगेत उभे होते. लोखंडे रांगेत नव्हता. तो फळ्याजवळ दगडांवर बसला होता.

पोलीस पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरीसाठी मेजर साहेब आले. फळा कुणाचा, असं त्यांनी विचारलं. माझा, असं मी सांगितलं. एकानं दोघांचे बिल्ले काढायची पद्धत मला माहीत होती आणि मी ती चालू दिली, हेही सांगितलं. लोखंडेनं बिल्ला काढला यात त्याचा दोष नाही, असं लिहून घ्यायला लावलं. त्याबद्दल मला पुढं सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे नोंदीवर राहणारी कडक ताकीद, मिळाली. ती मिळायलाच हवी होती.

मग म्हाताऱ्याची साक्ष घेतली. मेजर साहेब पंजाबचे, त्यांचा क्लार्क गढवालचा. मामांचं बोलणं हिंदीत सांगायला मी. मामांनी सगळं सांगितलं. हात, मेंढ्या, दीड कोडी, मोटारीचा आवाज. सांगताना रडत होते. मी भाषांतर केलं ते असं: "साब, इन्होंने जवान को पेड़ों के पास पानी में देखा. फिर नहीं देखा."

मेजर साहेबांनी विचारलं, "बस, इतना ही? बोला तो बहुत."

"बाकी अपना दुख बोल रहा है, साब."

क्लार्कनं तेवढंच लिहिलं. मामांनी अंगठा दिला. अंगठा देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. आपलं म्हणणं कागदावर गेलं असं त्यांना वाटत होतं.

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की घरच्यांना हे कळू नये. चाळीस मिनिटं वाट पाहून मेला, हे ऐकून कुणाचं भलं होणार? एका झटक्यात गेला असं त्यांना वाटू दे. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो. खरं कारण साधं होतं. ती चाळीस मिनिटं मी चहा पीत होतो, आणि हे माझ्याशिवाय आणि त्या म्हाताऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

घरी पत्र गेलं. पोहताना पेटका येऊन बुडून मृत्यू.

२००५ मध्ये मी पेन्शनवर आलो. निघायच्या आदल्या दिवशी लोखंडे भेटायला आला. तो आता लान्स नाईक होता. टीममध्ये मात्र तो कधी गेला नाही, स्वतःच नाव काढून घेतलं. सुट्टीत तो मानेच्या गावी जाऊन आला होता.

"तात्या आता शिकवत नाहीत, उस्ताद."

"का?"

"पोरंच कुणी पाठवत नाही. पत्रात लिहिलंय ना, पेटक्यानं बुडाला म्हणून. आयुष्यभर तात्या सांगत आले, पेटक्यानं कुणी बुडत नाही. लोक म्हणतात, तात्याचं स्वतःचं पोरगंच पेटक्यानं गेलं, आता आपली कशाला द्यायची त्यांच्या हातात. ते घाटावरपण जात नाहीत. त्यांना वाटतं, आनंदा घाबरला. शिकवण्यात आपलीच कसर राहिली."

मी घरी आलो. शेताचं, पेन्शनचं, रेशन कार्डाचं अशा याद्या केल्या आणि एकेक काम संपवलं. माणसं भेटायला यायची, सरहद्दीच्या गोष्टी विचारायची. तलावाचं कुणी विचारत नव्हतं. मी एकदा तिकडं गेलो. मामांचं बिऱ्हाड त्या वर्षी आलं नव्हतं. दुसऱ्या एका मेंढपाळानं सांगितलं, गंगाराम आता या पाण्यावर मेंढ्या धूत नाही, लांबून वळसा घालून पुढं जातो.

पुढच्या वर्षी जानेवारीत मी हिंगोलीहून एसटी पकडली. दोनदा गाडी बदलली. एकोणीस तास लागले.

तात्यांचं घर नदीपासून दोनशे पावलांवर. तात्या सत्तरीला आलेले, पण खांदे अजून रुंद. अंगणात दोर वळत बसले होते.

"युनिटचं हायसा न्हवं?"

"हो. मी मस्के. त्या कॅम्पला मोजणी माझ्याकडे होती."

"बसा. च्या ठेवाय सांगतो."

"चहा नको," मी म्हणालो. ते जरा चमकले.

मी कागद लिहून नेला होता. अकरा मुद्दे, वेळांसह. वाचायला सुरुवात केली. चौथ्या मुद्द्याला तात्या म्हणाले, "त्यो कागुद ठिवा. तोंडानं सांगा."

मी कागद ठेवला आणि सांगितलं. बिल्ला, फळा, वॉकी-टॉकी, चहा, म्हातारा, मेंढ्या. काही गाळलं नाही. साक्षीचं भाषांतर मी कसं केलं तेही.

तात्या दोर हातात धरून बसले होते.

"किती येळ म्हणालासा?"

"चाळीस मिनिटं. कमी नाही."

"पोटरी धरलेली आसताना."

"हो."

"उताणा."

"उताणा. हात सरळ. हलला नाही, असं म्हातारा म्हणाला."

"म्हंजी घाबारला न्हाय."

"नाही, तात्या. त्याचं सगळं बरोबर होतं. थंडीनं अंग गळालं असेल, त्याला कुणाचा इलाज नाही. बोट गेली असती तर तो वाचला असता."

त्यांनी हातातला दोर खाली ठेवला. मग ते म्हणाले, "आन् तुमी तवा च्या पीत हुता."

"हो."

ते उठले. खुंटीवरचा सदरा घातला. "चला."

"कुठं?"

"घाटावर. हितं मला एकट्याला सांगून काय उपेग हाय? चार माणसांम्होरं सांगा."

संध्याकाळचे पाच वाजले होते. घाटावर गावची बारा-पंधरा माणसं होती. कुणी जनावरं पाण्यावर आणलेली, कुणी नुसती बसलेली. तात्या जवळजवळ तीन वर्षांनी घाट उतरले होते, त्यामुळे सगळे उठून उभे राहिले. तात्या म्हणाले, "ह्ये आनंदाचं हवालदार. काय सांगत्यात ते ऐका." आणि स्वतः खालच्या पायरीवर जाऊन, आमच्याकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून बसले.

मी फौजेत अनेकदा माणसांपुढे उभा राहून बोललो आहे. त्या दिवसाएवढं लांब बोलणं कधी झालं नाही. मिनिटं आणि वेळा सांगितल्या. चहाचं सांगितलं तेव्हा एक तरुण माणूस म्हणाला, "आन् ह्यो हवालदार म्हणं!" दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. एक म्हातारे गृहस्थ पुढं आले आणि त्यांनी एकच विचारलं, "पेटका आल्यावर त्यो चाळीस मिन्टं वर ऱ्हायला, ह्ये खरं?" मी म्हणालो, खरं. ते वळले आणि तात्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग आणखी दोघं गेले.

मी पायऱ्या चढून वर आलो. थोड्या वेळानं तात्या वर आले.

"सांगितलासा, बरं केलंसा," ते म्हणाले. "आता जावा. पुन्यांदा येऊ नगासा."

मी नमस्कार केला. त्यांनी केला नाही. त्यांचं बरोबर होतं. मी चालत फाट्यावर आलो. शेवटची गाडी गेली होती. स्टँडच्या बाकावर बसून राहिलो आणि पहाटेची पहिली गाडी धरली. सांगितल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही.

त्यानंतर मी त्या गावी गेलो नाही. मेमध्ये लोखंडेचं पत्र आलं. सुट्टीत तो नदीवर गेला होता. तात्या कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि सात-आठ पोरं त्यांच्याभोवती उताणी तरंगत होती. लोखंडेनं लिहिलं होतं, एका पोराला ते सांगत होते, पाय धरला तर धरू दे, तू आभाळ बघ. तुमचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

आता आमच्या तलावावर रविवारी कळमनुरीची, हिंगोलीची माणसं पोहायला येतात. तालुक्याच्या एका मंडळानं मागच्या वर्षी तिथं पोहण्याची शर्यत ठेवली, त्यांना अनुभवी माणूस हवा होता. मी गेलो. प्रत्येकाला बाहेर आल्यावर माझ्यापुढं उभं केलं, तोंड पाहिलं, नाव विचारलं. सत्तावीस माणसं. खूप वेळ लागला. लोक कंटाळले, एक जण म्हणाला, "काका, काय लग्नासाठी पोरगं पाहून राहिले का?" मी शेवटचा माणूस पाहिला आणि मगच बोट आत घ्यायला सांगितली. बक्षीस समारंभाला थांबलो नाही.

नाईक आनंदा माने. इंजिनिअर्स. सेवा दहा वर्षं. पोहण्याची रेजिमेंटची दोन पदकं. मागं वडील, बायको, एक मुलगी. मृत्यूचं कारण कागदावर पेटका असं आहे. तो पेटक्यानं गेला नाही आणि घाबरूनही गेला नाही. शिकवलं होतं तसं सगळं करून तो चाळीस मिनिटं आमची वाट पाहत होता. सरकारी कागदात हे कुठंच नाही, म्हणून इथं लिहून ठेवलं.